पहिल्या बाजाराचा बैल

बीड जिल्ह्यात नेकनूरच्या वरच्या अंगाला, बालाघाटाच्या माळावर एका गावात एक शेतकरी आणि त्याची कारभारीण राहत होती. तीन एकर कोरडवाहू रान, दोन पोरं आणि थकलेली आई. पाऊस झाला तर सोयाबीन आणि तूर, नाही झाला तर नुसती वाट पाहणं. म्हणून दसरा उलटला की जिल्ह्यातल्या हजारो घरांसारखं तेही पोरांना आजीच्या हवाली करून ऊसतोडीला निघत. कधी कोल्हापूरकडे, कधी सांगलीकडे, कधी पार कर्नाटकात.

ऊसतोडीत ज्याची बैलगाडी असते त्याला तोडणीचे पैसे मिळतात आणि वाहतुकीचेही. ज्याच्याकडे गाडी नाही त्यानं ऊस तोडायचा, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं आणि टाकायची. हे दिवसभर, आणि ट्रक उशिरा आला तर रात्रीही. म्हणून या माणसाचा सगळा जीव त्याच्या दोन बैलांत होता.

२०२२ च्या उन्हाळ्यात त्यातल्या एकाला गोठ्यातच पान लागलं, म्हणजे साप चावला. उजाडेपर्यंत बैल गेला. घरात दोन दिवस चूल पेटली नाही. मागे राहिला तांबड्या. लाल कंधारी, दात जुळलेला, अंगानं आटोपशीर, कामाला वाघ. पण एकट्या बैलानं गाडी चालत नाही. मुकादमाची उचल घेतलेली होती. पोळ्याला तांबड्या एकटाच मारुतीला प्रदक्षिणा घालून आला, आणि त्या रात्री नवरा म्हणाला, "आता जोड आणायला पाहिजे."

"कसला बैल आणायचा, ठरवलंय का?" कारभारणीनं विचारलं.

"बघितला की कळंल. पर या खेपेला घाई करनार न्हाई. दसऱ्याला अजून पाच आठवडे हायेत. म्हंजे पाच बाजार. सगळ्यात उजवा बैल निवडीन."

त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. मागच्या साली शेजाऱ्यानं पहिल्याच बाजारात, पहिल्याच तासात, स्वस्त पडला म्हणून एक बैल गळ्यात मारून घेतला होता. भरल्या गाडीला तो फडातच बसला. उठवता उठेना. शेजाऱ्याचा अख्खा हंगाम हातचा गेला. ते यानं डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि त्याच दिवशी मनाशी गाठ मारली होती की आपण पारखून घेऊ.

पंचक्रोशीत बैल घ्यायचा म्हटलं की लोक एका म्हाताऱ्या आबांना सोबत नेत. आबांची नजर जनावरात मुरलेली होती. हाही त्यांच्याकडे गेला. आबा काठी घेऊन उठले.

पोळ्यानंतरचा पहिला बाजार नेकनूरचा. पहाटेपासून टेम्पो रिकामे होत होते. दावणीला खिल्लार होते, देवणी होते, गावरान तर शेकड्यांनी. व्यापारी टॉवेलाखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबत होते. भाव तोंडानं कोणी बोलत नव्हतं, बोटं बोलत होती.

आबा एका तांबड्या बैलापाशी थांबले. आधी त्यांनी त्याला नुसतं पाहिलं. बैल रवंथ करत होता, डोळा स्वच्छ होता. मग त्यांनी हलकेच ओठ वर केला. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, खाली आठ असतात. दुधाचे पडून मोठे दात जोडीजोडीनं येतात, आणि त्यावरून वय कळतं. "सहा दाती," आबा म्हणाले. "साडेतीन वर्सांचा असंल. ऐन उमेदीचा." मग मानेवर, जू टेकतं तिथं त्यांनी तळवा दाबून ठेवला. सूज नव्हती, ऊब नव्हती, जुन्या जखमेची गाठ नव्हती. नंतर ते मागे जाऊन उकिडवे बसले आणि व्यापाऱ्याला म्हणाले, "चालव." बैल चढाकडे चालला. पुढच्या पायाच्या खुणेवर मागचा पाय पडत होता. "मागं सरकव." बैल न अडखळता मागं सरकला.

आबा उठले. धोतर झटकलं. "घे," म्हणाले.

पण त्या बैलाचं डावं शिंग खाली वाकलेलं होतं. लहानपणी कुठंतरी धडकलं असावं. आपल्या माणसानं तांबड्याची सरळ शिंगं डोळ्यांसमोर आणली. रंग जुळत होता, उंची जुळत होती, पण शिंग जुळत नव्हतं.

"आबा, जोडी शोभायची न्हाई."

"लेकरा, गाडीला जुपायचाय का कॅलेंडरवर छापायचाय?"

"पैलाच बाजार हाय. अजून चार हायेत."

व्यापारी ५२ हजारांवर उतरला होता. आबा काही बोलले नाहीत. दोघं दिवसभर हिंडले आणि रिकाम्या हातानं परतले.

वाटेत एका बाभळीखाली टेकले तेव्हा आबांनी पाण्याचा घोट घेतला आणि एक गोष्ट सांगितली.

"माझा बाप हाकाऱ्याला जायचा. निजामाचं राज्य व्हतं तवा. हैद्राबादेहून एक बडा पाव्हणा शिकारीला आला. तीन दिवसांचा मुक्काम. त्याला दिवाणखान्याच्या भिताडावर लावायला काळविटाची शिंगं पायजे व्हती. वाट दाखवायला माझा बाप. त्या काळी ह्या माळावर काळविटांचे कळप शेरडांवानी दिसायचे. पैल्याच सकाळी एक नर गावला. वरून काळाभोर, खालून पांढरा, शिंगांना पीळ असा की दोरखंड वळलाय. बापानं बोट केलं. पाव्हणा म्हनला, यापरीस मोठा असंल. दुसऱ्या दिवशी दुसरा दिसला. पाव्हणा म्हनला, कालच्यापरीस काय मोठा न्हाई. तिसऱ्या दिवशी आभाळ फुटलं. दुपारपतुर तंबूतनं बाहेर पडता आलं न्हाई. सांजच्याला, जाता जाता, रिकाम्या हातानं कसं जायचं म्हनून त्यानं एक कवळं पोर मारलं. अजून रंग बदामीच व्हता, शिंगांनी नुसता पीळ धरला व्हता. त्या शिंगांकडं पैल्या दिवशी त्यानं वळून बघितलं नसतं."

आबा थोडा वेळ गप्प राहिले.

"त्यानं ती शिंगं भिताडावर लावली न्हाईत, आन् ते पोर जिवानिशी गेलं. बाप मरेपतुर एकच बोलायचा, सायबाला शिंगं दिसली, दिवस दिसलं न्हाईत."

काळविटाची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा ठरली, आणि ते योग्यच झालं. भिंतीच्या शोभेसाठी मुक्या जिवाचा बळी कुणी घेऊ नये. पण आबांच्या बापानं त्या माळावर जे पाहिलं, ते शिकारीपुरतं नव्हतं.

तरुणाला मात्र ते तेव्हा शिकारीपुरतंच वाटलं. तो म्हणाला, "आबा, ती शिकार व्हती. काळवीट पळून जातं. बाजार पुढल्या आठवड्याला पुन्ना भरतो."

दुसरा बाजार त्यांनी गेवराई तालुक्यातल्या हिरापूरचा धरला. तिथं गेल्या गेल्या त्याची नजर एका खिल्लार जोडीवर खिळली. पांढरीशुभ्र कातडी, लांबलचक मागं वळलेली शिंगं, चवड्यावर नाचणारे पाय. बैलगाडा शर्यतींना आदल्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं परवानगी दिली होती, त्यामुळे शौकिनांचा गराडा पडला होता. ती जोडी याला परवडणारी नव्हती आणि ऊसाच्या गाडीला चालणारीही नव्हती. तरी तो तासभर तिथं उभा राहिला. पुढं जो बैल बघेल तो त्याला त्या खिल्लारापुढं फिका वाटू लागला.

आबांनी दुपारी एक देवणी शोधून काढला. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, ज्याला शेवरा म्हणतात तसला. दात जुळत आलेले, पाय खांबासारखे, स्वभाव इतका शांत की पोरगं पोटाखालून गेलं तरी हलला नाही. तांबड्यापेक्षा दोन बोटं उंच.

"तांबडा आन् ठिपक्यांचा? लोक हसतील, आबा."

"लोक फडात येत्यात का गाडी ढकलायला?"

"त्या पैल्या बाजारातला तरी रंगानं जुळत व्हता," तो पुटपुटला.

आबांनी त्याच्याकडे पाहिलं. ज्याला आठ दिवसांपूर्वी नावं ठेवली होती, त्याचीच आता याला आठवण येत होती. पण तो बैल तर गेल्या बाजारीच कोणाच्या तरी दावणीला गेला होता. हा शेवरा घ्यावा, तर पुढे तीन बाजार उरलेच होते. दोघं पुन्हा रिकामे परतले.

आणि मग बाजारच भरला नाही.

ऑगस्टपासून जळगावकडून लम्पीच्या बातम्या येत होत्या. जनावराला ताप, अंगभर गाठी, पायाला सूज. माश्या, डास आणि गोचीड यांनी पसरणारा रोग. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सरकारनं राज्यभर जनावरांचे बाजार बंद केले, त्यांच्या वाहतुकीवरही निर्बंध आले. याच्या हिशेबातले उरलेले तीन बाजार एका दिवसात पुसले गेले. पशुवैद्यकानं गावात येऊन तांबड्याला लस टोचली. आपला माणूस आजूबाजूच्या गावांत पायी हिंडला. गोठ्याबाहेर जनावर काढायला कोणी तयार नव्हतं, आणि ज्याच्याकडे चांगला बैल होता तो अशा दिवसांत तो विकत नव्हता.

दसरा झाला. मुकादमाचा फोन आला. गाडी नाही म्हटल्यावर त्यानं दोघांना ट्रकच्या टोळीत टाकलं. तांबड्या घरी दावणीला राहिला, आणि ती दोघं कोयते घेऊन निघाली.

कोल्हापूरच्या भागात, थंडीत, एका पहाटे हा मोळ्या बांधत होता. कारभारणीनं लुगड्याच्या चिंधीची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली, खाली वाकली. त्यानं मोळी उचलून तिच्या डोक्यावर दिली. दवानं भिजलेला ऊस, त्याचं पाणी तिच्या कानामागून गळ्यात उतरत होतं. ती फळीवर चढली. फळी दबली, तिचा तोल गेला, सावरला. ट्रकमध्ये मोळी टाकून ती उतरली आणि पुन्हा रांगेत उभी राहिली. तिनं तक्रारीचा शब्द काढला नाही. पण त्या पहाटे त्याला कळलं की बाजारात त्यानं जो नकार दिला होता, त्याचं ओझं त्याच्या डोक्यावर आलंच नव्हतं. ते तिच्या डोक्यावर आलं होतं.

त्याच दिवशी दुपारी फडाच्या वाटेवर ऊसानं भरलेली एक बैलगाडी आली. पाटाचं पाणी फुटून वाट चिखलानं भरली होती. टायर रुतले. गाडीवानानं हाळी दिली. दोन्ही बैल गुडघ्यांत वाकले, खांदा लावला, आणि दोन-अडीच टनांची गाडी चिखलातून उपसून वर काढली. डावीकडच्या बैलाचं एक शिंग खाली वाकलेलं होतं.

यानं विचारलं, "कुठला बैल?"

गाडीवान बीडकडचाच निघाला. "नेकनूरच्या बाजारातला. पोळ्यानंतरचा पैला बाजार. दिस बुडता बुडता घेतला. कुणीतरी सकाळीच बघून सोडला व्हता म्हनं. माजं नशीब."

कारभारीण चुंबळ हातात घेऊन शेजारी उभी होती. गाडी नजरेआड होईपर्यंत ती पाहत राहिली आणि म्हणाली, "शिंग वाकडंय खरं. पर गाडी सरळ चाललीय."

त्या रात्री पालात त्याला झोप आली नाही. आबांची गोष्ट आता त्याला कळली. बाजार पुन्हा भरतो हे खरं. पण तोच बैल पुन्हा येत नाही. आणि बाजारही भरेलच याची हमी कोणी दिलेली नसते. हैदराबादच्या पाहुण्याच्या तिसऱ्या दिवशी पाऊस आला, आपल्या तिसऱ्या बाजाराला लम्पी आला. आपण दिवस मोजले, पण ते आपल्या हातात आहेत असं धरून मोजले.

हंगाम संपला, पट्टा पडला. दोघं घरी आले. पुढच्या वर्षी बाजार भरू लागले तेव्हा तो पुन्हा आबांच्या दारात उभा राहिला. या वेळी रिकाम्या मनानं नाही. आदल्या रात्री त्यानं कारभारणीला जवळ बसवून सगळं ठरवलं होतं.

"पाय, खांदा आन् दात, या तिन्हीत कसर चालायची न्हाई," त्यानं आबांना सांगितलं. "स्वभाव गरीब पायजे. उंचीत चार बोटांपरीस जास्त फरक नको. भाव ६० हजारांच्या वर न्हाई. रंग, शिंग, शेपूट, कसंबी चालंल."

"आन् बाजार किती?"

"एकच धरून चाललोय, आबा. दुसरा मिळाला तर देवाची कृपा. जो बैल शेवटच्या बाजाराला मी आनंदानं घरी नेला असता, तो पैल्या बाजाराला सोडायचा न्हाई. आन् जो शेवटच्या दिवशीबी नको, तो फुकट मिळाला तरी आज नको."

आबा हसले. "मग माझं काय काम? चल."

बाजारात त्यानं पहिला बैल नाकारला. दिसायला देखणा होता, स्वस्तही होता, पण मानेवर तळवा ठेवल्यावर ऊब लागली. व्यापारी दोन हजार खाली आला, चार हजार खाली आला. हा वळूनही पाहायला थांबला नाही. दुसरा उतारावर मागचा पाय ओढत होता. तोही सोडला. आबा काठीवर हनुवटी टेकून बघत राहिले. मागच्या वर्षी हाच पोरगा शिंगावर अडला होता, आणि आता दहा वाजायच्या आत त्यानं दोन बैल परतवले होते, ते मात्र ज्या कारणासाठी परतवावेत त्याच कारणासाठी.

तिसरा बैल राखी रंगाचा. एका कानाचा तुकडा नव्हता, शेपटीचा गोंडा विरळ. त्यानं दात पाहिले, खांदा दाबला, चढावर चालवला, मागं सरकवला. मग व्यापाऱ्याची गाडी मागून जुपून पाहिला. बैल मान खाली घालून निघाला.

त्यानं टॉवेलाखाली हात घातला. सौदा झाला. इसार दिला, पावती घेतली.

संध्याकाळी अंगणात कारभारणीनं नव्या बैलाच्या पायांवर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. तिनं ना कानाकडे पाहिलं, ना शेपटीकडे. तिनं त्याच्या मानेवर तळवा ठेवला आणि काही वेळ तसाच ठेवला. मग म्हणाली, "खांदा चांगलाय." गोठ्यात तांबड्यानं वास घेतला आणि थोडं सरकून जागा दिली.

त्या हंगामात त्यांची गाडी एकदाही फडात अडकून पडली नाही. कारभारणीची चुंबळ घरीच खुंटीला टांगलेली राहिली.

तात्पर्य : चोखंदळ जरूर असावं. जो निवडत नाही, त्याच्या गळ्यात बसका बैल पडतो. पण कशात चोखंदळ राहायचं आणि कशात नाही, हे घरून निघतानाच ठरवावं. बाजारात उभं राहून ठरवायला गेलं की डोळे भुलतात. मग जमीन असो, घर असो, लेकीसाठी स्थळ असो की लेकासाठी नोकरी, पहिल्या दिवशी तेच नाकारा, जे शेवटच्या दिवशीही नाकारलं असतं. आणि नाही म्हणण्याआधी एकदा मागं वळून बघा, त्या नकाराचं ओझं कुणाच्या डोक्यावर जाणार आहे.